खाट एक, माणसं दोन

मे महिन्यातली रात्र, अडीच वाजलेले. नागपूरचा मे म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको. दिवसा पारा पंचेचाळीसच्या घरात आणि रात्री भिंतींना हात लावला तरी चटका. वॉर्डाच्या टोकाला मोठा कूलर घरघरत होता आणि त्याच्या बरोब्बर समोरची खाट माझ्या लेकीच्या वाट्याला आली होती. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या आजी दोनदा म्हणाल्या, "नशीबवान हाय बाप्पा तुमची पोरगी, मस्त हवा खाऊन राहिली." नात अठरा तासांची. दुपट्यात गुंडाळलेली, शांत झोपलेली. मीही खुशीत होते.

सिस्टर फेरीवर आल्या. त्यांनी चार्ट पाहिला नाही, बॅटरी मारली नाही. दुपट्याची घडी सोडवून बोटांची मागची बाजू नातीच्या तळपायाला लावली, मग पोटाला. "आजी, पाय गार पडले ना बाळाचे. पोट अजून गरम आहे, म्हणजे वेळेवर पाहिलं. खाट सरकवू आपण. आणि बाळाला आईच्या अंगाशी लावा, उघड्या अंगाला. वरून चादर." दोघींनी मिळून खाट ओढली. अर्ध्या तासाने त्या परत आल्या, पुन्हा पाय चाचपले आणि मान हलवून पुढे गेल्या.

मी एकतीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली. त्यातली शेवटची चौदा पाठ्यनिर्देशिका म्हणून, म्हणजे पोरींना हेच शिकवण्यात गेली. पाय गार आणि पोट गरम असेल तर बाळाला थंडी बाधायला लागली आहे. दोन्ही गार असतील तर धोका. नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या मध्ये हवं, त्याला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही, वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. हे सगळं मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण त्या रात्री मी आजी होते, आणि आजी चार तास कूलरची हवा खात बसली होती. बाळ वाचायला शिक्षण उपयोगी पडतं, पण त्या घडीला कामावर असलेल्या माणसाचं.

पहाटे सिस्टर टेबलाशी रात्रीचा सेन्सस, म्हणजे वॉर्डातल्या रुग्णांची मोजणी, लिहीत होत्या. एव्हाना माझी ओळख निघाली होती. मी डोकावले: एकूण रुग्ण ३४. विचारलं, "आणि लेकरं?"

"लेकरं आईतच धरतो, मॅडम."

त्या काही चुकीचं बोलल्या नाहीत. पद्धतच तशी आहे, आणि माझ्या नोकरीत मीही तसंच लिहीत आले. माझं म्हणणं त्या एका ओळीबद्दल आहे. बाळंतिणीच्या वॉर्डात खाटेवर दोन जीव असतात, दोघांचीही तब्येत पहिल्या दोन दिवसांत कधीही फिरू शकते, दोघांना वेगवेगळं पाहावं लागतं. आणि नर्स मात्र आपण एकाच जिवाच्या हिशेबाने देतो. हे बदलायला हवं. बाळाला रुग्ण म्हणून मोजलं पाहिजे, आणि त्या मोजणीवरून नर्सची पदं ठरली पाहिजेत.

आता हिशेब. नर्सची संख्या खाटांवर ठरते. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष शिकवणाऱ्या रुग्णालयांसाठी तीन खाटांमागे एक नर्स, वर रजा-सुट्ट्यांसाठी तीस टक्के राखीव. ऐकायला छान वाटतं. पण तीन खाटांमागे एक म्हणजे चोवीस तासांत मिळून एक. चौतीस खाटांना अकरा-बारा, राखीव धरून पंधरा. त्या तीन पाळ्यांत वाटा, साप्ताहिक सुट्टी काढा, बाळंतपणाच्या रजेवर गेलेली एखादी वजा करा (हो, नर्सलाही बाळंतपण असतं), ट्रेनिंगला गेलेली वजा करा. रात्री उरतात दोन, फार तर तीन. आणि हे सगळी पदं भरलेली असतील तर. सगळी पदं भरलेलं सरकारी रुग्णालय मी तरी नोकरीत पाहिलं नाही.

त्या रात्री वॉर्डात दोघी होत्या. त्यातली एक सिझेरियनचं बाळ घ्यायला थिएटरकडे जाऊन-येऊन होती. चौतीस आया आणि जवळजवळ तितकीच बाळं, म्हणजे अडुसष्ट. एकेकाला फक्त पाच मिनिटं दिली तरी एका फेरीला पाच तास चाळीस मिनिटं. दोघींत वाटून तीन तासांना दहा मिनिटं कमी. आणि बाळंतपणानंतर पहिल्या दोन तासांत तर दर पंधरा मिनिटांनी पाहायचं असतं असं आम्ही शिकवतो. पोरी लिहून घेतात, परीक्षेत लिहितात, पास होतात, मग वॉर्डात येतात आणि पहिल्याच रात्री त्यांना कळतं की हे लिहिण्यासाठी होतं.

पाच मिनिटांत पाहायचं तरी काय? आईची नाडी, बीपी. मग पोटावर हात ठेवून गर्भपिशवी घट्ट आवळली आहे का ते बघायचं. नारळासारखा टणक गोळा लागला तर ठीक, पिठाच्या गोळ्यासारखी मऊ लागली तर त्याच क्षणी चोळायला घ्यायचं आणि चोळता चोळताच हाक मारायची. अंगावरून किती जातंय ते पाहायचं, आणि त्यासाठी चादर उचलावी लागते. बाई लाजते, बाजूला सासू बसलेली असते, बाई "ठीक आहे" म्हणते. ठीक आहे म्हणणाऱ्या बाईच्या खाली गादी भिजलेली मी पाहिली आहे. लघवी झाली का, टाके कसे आहेत, छातीत गाठी आहेत का, पोटरी दुखते का. हे आईचं. बाळाचं निराळंच: श्वास किती, छाती आत ओढली जाते का, रंग, ऊब, नाळेतून रक्त येतंय का, लघवी झाली का, काळी शी झाली का, तोंड स्तनाला नीट लागतंय का, जागं करूनही पीत नाही असं तर नाही ना. आजारी नवजात बाळ मोठ्याने रडून सांगत नाही. ते गप्प होत जातं. आणि गप्प बाळाला वॉर्डात सगळे "शहाणं बाळ" म्हणतात.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचं पहिलं कारण आहे. त्यावर २०२३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ऐंशी रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त बाळंतपणं. त्यांनी केलं काय, तर बाईच्या खाली खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली, म्हणजे किती रक्त गेलं ते अंदाजाने न ठरवता वाचता येईल. आणि ठरावीक मापाच्या वर गेलं की गर्भपिशवी चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी हे एकापाठोपाठ एक न करता एकत्रच सुरू केलं. जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि त्यातून मृत्यू हे सगळं मिळून साठ टक्क्यांनी कमी झालं. यात नवं औषध एकही नव्हतं. नवं होतं ते वेळेवर बघणं. ती प्लॅस्टिकची पिशवी आपल्याकडेही स्वस्तात येईल. तिच्यावरचा आकडा वाचायला बाजूला कुणी उभं असेल का, हा प्रश्न उरतोच. आणि ही गोष्ट लेबर रूममधली, जिथे निदान माणसं असतात. वॉर्डात आलेल्या बाईचं रक्त चादरीत जातं.

महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२०च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, केरळच्या खालोखाल. त्याचं श्रेय आपल्याला घ्यायचं तर घ्यावं, ते खरं आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतले (२०१९-२१) दोन आकडे शेजारी ठेवून बघा. महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. आणि जन्मल्यापासून तासाभरात आईचं दूध मिळतं ते जेमतेम निम्म्या बाळांना. उरलेली बाळं कुठे होती? रानात नव्हती, घरीही नव्हती. दवाखान्यातच होती. छताखाली, ट्यूबलाइटखाली, नर्स असलेल्या इमारतीत.

याचं खापर फोडायला आजी सोयीची असते. मध चाटवते, गाईचं दूध आणते, चीक पिळून टाकायला सांगते. मी आजींशी बरीच वर्षं भांडले, आणि माझा अनुभव असा की बहुतेक आज्या वीस मिनिटांत ऐकतात. पण ती वीस मिनिटं लागतातच. बाईला कुशीवर वळवायचं, सिझेरियन असेल तर टाक्यांवर भार न येता, पाठीमागे उशी, बाळाचं पोट आईच्या पोटाला, मान सरळ, नुसतं बोंड तोंडात न देता खालची काळी कडाही आत जाईल असं. बाळ सोडतं, पुन्हा लावायचं. आई रडकुंडीला येते, "मला दूधच नाही सिस्टर" म्हणते. तिला दाखवायचं की पिवळट चिकाचे चार थेंब निघतात आणि पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर पुरतं. वीस मिनिटं एका आईला. चौतीस आयांना किती, ते गुणून पाहा. सिस्टरने वेळ दिला नाही की नातेवाईक खाली मेडिकलमध्ये जातात आणि पावडरचा डबा घेऊन येतात. डब्याची जाहिरात कायद्याने बंद आहे. तो आमच्या गैरहजेरीमुळे विकला जातो.

सरकारने काही केलं नाही असं कुणी म्हणू नये. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बायका दवाखान्यात येऊ लागल्या. २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला: औषधं, तपासण्या, रक्त, गाडी मोफत, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण. २०१७च्या अखेरीस 'लक्ष्य' आलं, लेबर रूम आणि बाळंतपणाची थिएटरं सुधारण्यासाठी. फरशा बदलल्या, पडदे आले, चेकलिस्ट आल्या, प्रमाणपत्रं भिंतीवर लागली. मी हे टोमण्याने म्हणत नाही, लेबर रूम खरोखर सुधारल्या. दुसऱ्या टोकाला आजारी बाळांसाठी एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचे खास देखभाल कक्ष, उभे राहिले, वॉर्मर आले, मॉनिटर आले. या दोन्हींच्या मधे एक लांबलचक हॉल आहे. लेबर रूममधून निघालेल्या आणि एसएनसीयूत जाण्याइतक्या न बिघडलेल्या माय-लेकरांचा. तो कुठल्याच योजनेचा लाडका नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंतपणानंतर निदान चोवीस तास आई-बाळ दवाखान्यात देखरेखीखाली हवेत. ते तास याच हॉलमध्ये जातात. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दिवशीचा.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत कसली. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी निरोगी बाळाचा स्वतंत्र केसपेपर नसतो. त्याच्या चार ओळी आईच्या पेपरवर, मागच्या बाजूला. बाळाला स्वतःचा नंबर, स्वतःचा पेपर, स्वतःची नर्स मिळते ती एसएनसीयूत गेल्यावर. म्हणजे मोजलं जायचं तर बाळाने आधी आजारी पडायचं आणि आईपासून तुटायचं.

इथे माझ्याच क्षेत्रातले लोक एक आक्षेप घेतात: आई आणि बाळ हे एकच एकक आहे, त्यांना वेगळं मोजायला लागलात तर वेगळं ठेवायलाही लागाल. आक्षेप प्रामाणिक आहे. पण पुरावा उलट दिशेने बोलतो. कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियात, बोगोटामध्ये सुरू झाली ती मुळात इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायचं. २०२१ मध्ये पाच देशांतला अभ्यास आला, त्यात दिल्लीचं रुग्णालयही होतं. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मापासूनच असं ठेवलं तर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. आई आणि बाळ एकाच खोलीत, एकाच खाटेवर, पण दोघांवरही प्रशिक्षित नजर. एकत्र ठेवायचं असेल तर दोघांसाठी माणूस हवं. माणूस नसलं की मग बाळ उचलून यंत्राखाली ठेवलं जातं, कारण यंत्र निदान वाजतं तरी.

यंत्रावरून भंडारा आठवतं. ९ जानेवारी २०२१ची पहाट, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग, दहा बाळं गेली, सात वाचवता आली. नागपूरहून तासा-दीड तासाचं अंतर. इथल्या प्रत्येक नर्सच्या ओळखीचं कुणी ना कुणी तिथे होतं. पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्या प्रकरणात कुणाचं किती चुकलं याचा निवाडा मी करणार नाही, तो कोर्टाचा. पण एक गोष्ट प्रत्येक वेळी दिसते: दुर्घटना झाली की कामावर असलेल्या माणसाचं नाव लगेच सापडतं, आणि कामावर नसलेल्या माणसाचं, म्हणजे न भरलेल्या पदाचं, नाव कधीच सापडत नाही. रिकाम्या पदावर एफआयआर होत नाही.

"नातेवाईक असतातच ना" हा दुसरा आक्षेप, आणि हा अधिकाऱ्यांचा लाडका. असतात. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत, मेडिकलला, मेयोला, डागाला जाऊन बघा. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरहून, तिकडून छिंदवाडा-बालाघाटहून आलेल्या बाया खाटांमधल्या जागेत सतरंजी टाकून बसलेल्या असतात. डबा, पाणी, कपडे, बाळाचे लंगोट, सगळं त्याच करतात. आपला आरोग्य विभाग या बायांच्या फुकटच्या कष्टांवर चालतो आणि त्यांना "गर्दी" म्हणतो. त्यांची माया खरी आहे, पण मऊ पडलेली गर्भपिशवी मायेला कळत नाही. मला, एकतीस वर्षं नोकरी केलेल्या सिस्टरला, कूलर कळला नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. बाळं मोजली तर बाळंतिणीच्या वॉर्डातली पदं जवळपास दुप्पट होतील, आणि पगार दरवर्षी द्यावा लागतो. इमारतीसारखं एकदा उद्घाटन करून मोकळं होता येत नाही. म्हणून शासनाचा ओढा कंत्राटाकडे. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या त्या बाह्यस्रोतांतून भरतीच्या विरोधात. तेव्हा वर्तमानपत्रांतून "रुग्णांचे हाल" एवढंच आलं. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची मुलगी नवजात बाळाचा श्वास मोजायला शिकते, हात बसतो, आणि तेवढ्यात ऑर्डर संपते किंवा तिला दुसरीकडे कायमची नोकरी लागते. दर वर्षी आपण नव्याने शिकवतो. हा खर्च कुठल्याच फाइलवर दिसत नाही म्हणून तो नाही असं नाही. कायम नोकरीतल्यांचीही तऱ्हा निराळी नाही: बाळंतिणीच्या वॉर्डात तरबेज झालेली सिस्टर रोटेशनमध्ये ऑर्थोला जाते आणि ऑर्थोमधली इकडे येते. डॉक्टरांच्या बाबतीत आपण असं करतो का? स्त्रीरोगतज्ज्ञाला कुणी हाडांच्या ओपीडीत बसवत नाही.

खासगीत काय चालतं? चांगलीही आहेत, मी पाहिली आहेत. पण गल्लीबोळात "मॅटर्निटी अँड नर्सिंग होम" अशी पाटी असते आणि आत पांढऱ्या कोटातली सहा महिन्यांचा कोर्स केलेली पोरगी "सिस्टर" म्हणून वावरते. बाराशे रुपयांची खोली आणि पन्नास हजारांचं पॅकेज घेताना रात्री ड्यूटीवर नोंदणीकृत नर्स किती, असं विचारणारा नवरा मी अजून पाहिला नाही; एसी आहे का हे सगळे विचारतात. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा मूळ कायदा १९४९चा. त्यात प्रसूतिगृहाला पात्र सुईण हवी अशी अट तेव्हाच घातली होती. स्वातंत्र्याला दोन वर्षं झाली होती आणि कायदा करणाऱ्यांना कळत होतं की बाळंतपणाच्या जागी बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली बाई लागते.

नागपुरात तर हे त्याच्याही आधी कळलं होतं. १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृ सेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा, नर्सिंग शिकल्या आणि त्या बळावर शहरभर आणि पुढे विदर्भभर सूतिकागृहं उभी केली. पुढे १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की संस्था नर्सच्या नजरेतून उभी राहिली होती. बाळंतिणीला आधी कोण लागतं, या प्रश्नापासून. आपल्या शहरात आज मोठमोठी रुग्णालयं आहेत, मिहानमध्ये एम्स आहे, आणि तरी बाळंतिणीच्या वॉर्डात किती नर्स असाव्यात हे ठरवणाऱ्या बैठकीत नर्स किती असतात, हे विचारून बघा. १२ मेला परिचारिका दिनाला आम्हाला गुलाब मिळतात, मेणबत्त्या पेटवल्या जातात. भर उन्हाळ्यात, पंखे बंद करून, विझू नयेत म्हणून.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने एकोणचाळीस गावांत काय केलं ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गावातल्याच बायांना शिकवलं, त्यांनी घरी जाऊन नवजात बाळ तपासलं, श्वास मोजला, ऊब राखली, जंतुसंसर्ग ओळखून औषध दिलं. नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी बासष्ट टक्क्यांनी खाली आले. देशाने २०११ पासून ते आशांच्या गृहभेटींत आणलं: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, सगळ्या भेटी पुऱ्या केल्या की अडीचशे रुपये. लोक या प्रयोगातून निष्कर्ष काढतात की कमी शिकलेल्या बाईकडूनही काम भागतं, मग महागड्या नर्स कशाला. मी उलटं वाचते. त्या गावांत पहिल्यांदाच प्रत्येक बाळाच्या नावाने एक माणूस ठरलं होतं, त्याला वजनकाटा आणि घड्याळ दिलं होतं, आणि प्रत्येक बाळ वहीत वेगळं लिहिलं जात होतं. झोपडीत जन्मलेलं बाळ तिथे मोजलं गेलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जन्मलेलं आईतच धरलं जातं.

(आशांच्या भेटींबद्दल एक जाता जाता. पहिलटकरीण माहेरी येते. तिची नोंद सासरच्या आशाकडे, ती हिंगण्याला. माहेर काटोलला, तिथल्या आशाच्या यादीत ती नाही. सव्वा महिना ती दोन्ही वह्यांच्या मधे असते. यावर कुणी कधी जीआर काढला तर मला कळवा.)

मिडवाइफरीकडे, म्हणजे सुईणीच्या कामाच्या शास्त्रशुद्ध शिक्षणाकडे, मी आशेने बघते, थोड्या धास्तीनेही. केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, नर्सना अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन मिडवाइफरीतली नर्स प्रॅक्टिशनर तयार करायची. २०२३ मध्ये परिचर्या आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला, १९४७च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी. चांगलं आहे. पण बोलण्याचा सगळा रोख नैसर्गिक बाळंतपण, सिझेरियन कमी करणं यावर. महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं, तेव्हा तो रोख चूक नाही. तरी या नव्या मिडवाइफ लेबर रूमच्या दारापर्यंतच राहिल्या तर तो हॉल पुन्हा तसाच राहील. बाळंतपण वार पडली की संपत नाही हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. बाळंतिणीची खोली सव्वा महिना वेगळी असायची.

बाळं मोजणं ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. ऑस्ट्रेलियात नर्स आणि मिडवाइफच्या संघटनांनी याच मागणीसाठी मोहीम चालवली आणि क्वीन्सलँड राज्याने २०२४ मध्ये प्रसूतीनंतरच्या वॉर्डात बाळाला स्वतंत्र रुग्ण धरण्याची तरतूद कायद्यात केली. श्रीमंत देश आहे, मान्य. पण तिथेही संघटनांनी आधी हेच दाखवून दिलं की बाळ मोजलेलंच नाही. जे मोजलं नाही त्याच्यासाठी कमी पडतंय असं सिद्धही करता येत नाही. चौतीस रुग्णांना दोन नर्स म्हटलं तर अधिकारी म्हणतो, ताण आहे खरा, बघू. अडुसष्ट रुग्णांना दोन असं लिहून त्याच्या टेबलावर ठेवलं तर त्याला दुसरं काहीतरी बोलावं लागेल.

म्हणून माझी पहिली मागणी पदांची नाहीच. सेन्ससच्या छापील फॉर्मवर एक रकाना वाढवा: 'आईजवळील नवजात'. प्रत्येक बाळाला स्वतंत्र पेपर द्या, एक पान पुरेल. सहा महिने हे आकडे रोज वर जाऊ द्या. पदांचं भांडण त्यानंतर करू, तेव्हा निदान कशावरून भांडतोय ते दोन्ही बाजूंना दिसेल.

नात घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी असा अर्ज लिहून एका कार्यालयात नेऊन दिला. टेबलावरच्या साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मग चष्मा काढून विचारलं, "मॅडम, फॉर्म बदलायचा म्हणजे छपाईचा खर्च आला. तो कोणत्या हेडखाली टाकायचा?" मी म्हटलं, सध्या पेनाने रेघ मारली तरी चालेल. ते हसले. आवक क्रमांक मिळाला आहे.